दप्तरी दाखल

कॅनडात ऑन्टॅरिओ सरोवराच्या काठी कोबर्ग नावाचं गाव आहे. तिथल्या नॉर्थम्बरलँड काउंटीनं एका दगडात दोन पक्षी मारले. ‘गोल्डन प्लाउ लॉज’ या १५१ खाटांच्या जुन्या वृद्धसेवागृहाऐवजी १८० खाटांचं नवं बांधायला घेतलं आणि त्याच प्रकल्पात काउंटीचा दप्तरखाना व संग्रहालयही बसवलं. म्हातारी माणसं आणि जुने कागद एकाच आवारात. सोय म्हणावी ती हीच!

बडदास्तीत मात्र फरक आहे. दप्तरखान्यातल्या कागदांना हवेतला गारवा नि ओलावा चोवीस तास मोजून मिळतो. झोपायला आम्लविरहित खोकं मिळतं. त्यांच्यासमोर शाईचं पेन उघडायची कुणाची टाप नसते, लिहायचं ते शिसपेन्सिलीनं. माणसांसाठी प्रांताच्या २०२१च्या कायद्यानं उद्दिष्ट ठेवलं ते माणशी रोज चार तास प्रत्यक्ष सेवेचं. तेही सरासरीनं! उरलेले वीस तास आजोबांनी आठवणींवर काढावेत.

एखाद्या जुन्या पत्रातली अक्षरं लावायला अभ्यासक भिंग घेऊन दिवसभर बसेल. त्या काळातल्या आजी भिंतीपलीकडं जाग्या असतील, पण त्यांना नोंदणी क्रमांक कुठला? संदर्भ म्हणून त्या ग्राह्य नाहीत.

वाचकहो, हसू नका. आपल्याकडं ही योजना घरोघरी केव्हाचीच राबते आहे, तीही बिनखर्चात: कागद माळ्यावर, आजी मागच्या खोलीत.