ठोकेकाका

ठोकेकाकांना "कसे आहात?" असं विचारायचं नसतं. नवखा माणूस विचारतो. काका मनगटाकडे बघतात आणि सांगतात, "५४." पुढे काय बोलणार? चुकून "अरे वा!" म्हणालात, तर "सकाळी उठल्याउठल्या ४९ होता" हेही ऐकावं लागतं.

रविवारी खडकवासल्याच्या चौपाटीवर आमचा सायकलकंपू कांदाभज्यांवर तुटून पडतो, तेव्हा काका आडोशाला जर्सी वर करून छातीचा पट्टा ओला करत असतात. हा पट्टा हृदयाचे विजेचे संकेत पकडतो. कातडी कोरडी असली की घाम फुटेपर्यंत वाट्टेल ते आकडे दाखवतो. म्हणून पाणी. पाणी संपलं तर थुंकी. एकदा घाईत चहाही लावला. त्या दिवशीचे आकडे काका अजून हिशेबात धरत नाहीत.

त्यांचा शोध एकच: अंगाला न काचणारा पट्टा. रबरी काचतो, कापडी घसरतो. तो छातीच्या जरा खाली बसावा लागतो आणि तिथवर काकांच्या पोटाने आधीच अतिक्रमण केलेलं आहे. सैल सोडला तर पट्टा कमरेच्या दिशेने निघतो, आवळला तर चढावर काकांचा जीव घुसमटतो. एकदा बोपदेवच्या उतारावर ते ओरडले, "२१०!" आम्ही ब्रेक दाबले, एकाने रुग्णवाहिकेसाठी फोन काढला. काका ठणठणीत. नवी ढगळ जर्सी वाऱ्यावर फडफडत होती आणि तिच्या घर्षणातून निघालेली वीज पट्टा हृदयाच्या नावावर जमा करत होता.

मग घड्याळ आलं. हिरवा उजेड टाकून कातडीखालच्या रक्ताची भरती-ओहोटी मोजणारं. काचत नाही, घसरत नाही. पण हँडल धरलं की मनगट वाकतं, हादरे बसतात, उजेड चळतो. सिंहगड रस्त्यावर त्याने हृदय सोडून खड्डे मोजले.

मग दंडावरची पट्टी. उजेड तोच, पण दंड मनगटाइतका हलत नाही आणि कापडही मऊ. काका खूश. मुलीच्या लग्नातही ती दंडावर होतीच. एका मावशींनी तो ताईत न्याहाळून विचारलं, "कुठल्या बुवांचा?"

"फिनलंडच्या," काका म्हणाले. खोटं नव्हतं. १९८०च्या दशकात छातीचा बिनतारी पट्टा बाजारात आणणारी पोलर कंपनी तिथलीच, आणि दंडावरची पट्टीही तिचीच. मावशींनी हात जोडले.

पाठवणीला सगळा मांडव रडत होता. काका कोरडे ठक्क. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "११८," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "बसल्या जागी."

या माणसाबद्दल चांगलं लिहायची माझी तयारी नव्हती. पण डेंग्यूतून उठल्यावर मी पहिल्यांदा सायकल काढली, तेव्हा कंपू केव्हाच पुढे निघून गेला आणि काका तेवढे माझ्या शेजारी रेंगाळत राहिले. "तुम्ही व्हा पुढे," मी म्हणालो.

"छे, आज झोन दोनमध्येच चालवायचं आहे."

२२० वजा वय, या ढोबळ हिशेबाने अठ्ठावन्नाव्या वर्षी काकांच्या ठोक्यांची कमाल १६२. झोन दोन म्हणजे तिच्या साठ ते सत्तर टक्के, ९७ ते ११३. हे सगळं त्यांनीच आम्हाला इतक्यांदा ऐकवलंय की झोपेतही सांगता येईल. मी त्यांच्या हँडलवरच्या पडद्याकडे पाहिलं. ८४.

आकड्यांच्या बाबतीत हा माणूस आयुष्यात पहिल्यांदाच थाप मारत होता, तीही इतकी कच्ची. पकडून देणं जिवावर आलं. "काका," मी म्हणालो, "पट्टी नीट मोजत नाहीये बहुतेक."

"तेच म्हणतोय मी!" काकांचा चेहरा उजळला. "बदलायलाच हवी."

गेले दोन आठवडे रोज रात्री ते मला नव्या पट्ट्यांचे फोटो पाठवताहेत. कोणता काचणार नाही, ते मी सांगायचं आहे.