मामा, फ्रेमबाहेर व्हा!

भाच्याने व्हिडिओग्राफीचा कोर्स लावला आणि सरावासाठी डहाणूजवळचं आशागड निवडलं. कारण काय, तर "तिथे लाँग शॉटला जागा आहे." अंधेरीच्या दोन खोल्यांत वाढलेल्या पोराचं हे दुःख मला पटलं. 2013 पासून डहाणू रोडपर्यंत लोकल जाते, त्यामुळे खर्चाची सबबही चालेना. विरार मागे पडलं तेव्हा ट्रायपॉड माझ्या खांद्यावर आला आणि माझा 'असिस्टंट' झाला.

स्टेशनच्या पूर्वेला जव्हार रस्त्याची शेअर रिक्षा मिळाली. ती भरली की आणखी दोघांना घेऊन मगच निघते. भाच्याने लगेच ट्रॅकिंग शॉट सुरू केला. यात कॅमेरा विषयाच्या बरोबरीने सरकतो. एरवी रूळ टाकून ट्रॉली ढकलतात, इथे रुळांच्या जागी खड्डे होते. चिकूच्या वाड्या, आभाळ, माझं नाक आणि शेजारच्या मावशींच्या टोपलीतले बोंबील एकापाठोपाठ येऊन गेले. "याला हँडहेल्ड म्हणतात," भाचा म्हणाला. "डोकं आत घे," मावशी म्हणाल्या.

आशागडच्या नाक्यावर पॅनचा धडा झाला. कॅमेरा जागचा हलवायचा नाही, नुसती मान आडवी फिरवायची. तीही इतकी सावकाश, की एखादी वस्तू चौकटीच्या या कडेपासून त्या कडेला जायला सातेक सेकंद लागावेत. नाहीतर चित्र थरथरतं. भाचा पुटपुटत आकडे मोजू लागला. चहावाला पासपोर्टच्या फोटोसारखा ताठ झाला. पोरांनी मात्र गंमत बरोबर ओळखली. आपल्यावरून कॅमेरा सरकला, की पाठीमागून धूम ठोकून पुढे जाऊन उभं राहायचं. त्या एका पॅनमध्ये लाल बनियनवाला एकच पोरगा तीनदा आहे, आणि तिन्ही वेळा वेगळ्या माणसाच्या खांद्यावर हात टाकून.

टिल्ट म्हणजे मान उभी फिरवणं. त्यासाठी ताडावर चढणारा ताडीवाला मिळाला. भाचा सावकाश वर निघाला. तो शेंड्यापर्यंत पोचला तेव्हा माणूस मडकं घेऊन खाली आला होता. "काका, परत चढता का?" काकांनी ताडीचा भाव सांगितला. रीटेकचा तेवढाच दर होता.

संध्याकाळी गंजाडकडे एका पाड्यावर तारपा होता. दुधी भोपळा आणि बांबूचं हे वाद्य वाजवणारा मधे, बाकीचे हातात हात गुंफून त्याच्याभोवती, आणि त्याच्याकडे पाठ करायची नाही. कोर्सात शिकवलं होतं, की समोरासमोरच्या दोघांमधून एक रेषा कल्पायची आणि कॅमेऱ्याने ती ओलांडायची नाही. गोलात ती आणायची कुठून? भाचा आर्क शॉटसाठी, म्हणजे विषयाभोवती फिरत शूट करायला, आत घुसला आणि साखळीने त्याला गिळलं. नेमकी त्याची पाठ तारप्याकडे झाली. एका आजोबांनी खांदे धरून त्याला वळवलं आणि रांगेत जोडून दिलं. गिंबल, म्हणजे कॅमेरा डगमगू न देणारी मूठ, माझ्या हातात आलं.

मग क्लोजअपचा हट्ट. शांतारामबापूंनी 'अमृतमंथन'मध्ये (1934) टेलिफोटो लेन्स लावून चंद्रमोहनचा डोळा पडदाभर केला, हे भाच्याला तोंडपाठ. पण ज्या वारली चित्रांना याच तालुक्यातल्या जिव्या सोमा मशे यांनी जगभर नेलं (2011 ला त्यांना पद्मश्री मिळाली), त्यांत माणूस म्हणजे दोन त्रिकोण आणि एक गोल. डोळा नाहीच! तारपानृत्याचं वेटोळं वरून पाहिल्यासारखं, नाचणारे मात्र बाजूने. ड्रोन आणि ट्रायपॉड एकाच चौकटीत. आमच्या कोर्सवाल्यांनी याची वेगळी फी लावली असती.

घरी येऊन फुटेज पाहिलं. चेहऱ्यांचे क्लोजअप सगळे घामाने आणि अंधाराने खाल्लेले. कामाचा निघाला एकच शॉट: मी कंटाळून बांधावर ट्रायपॉड उभा करून चहाला गेलो, तेव्हाचा. त्यात अख्खं वेटोळं आहे, तारपा आहे, आणि चुकीच्या पायावर नाचणारा भाचाही.

तेव्हा तुम्ही गेलात, तर ट्रायपॉड उंचवट्यावर ठेवा, लाँग शॉट लावा आणि हात लावू नका. परतीची रिक्षा मात्र उजेडीच ठरवा; अंधार पडल्यावर आम्हाला मिळाली नाही.