तांब्याची मंजुरी

१९५८ साली भारत सरकारच्या निमंत्रणावरून आलेल्या चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने आपल्या अहवालात भारतातल्या साध्या तांब्याची मुक्तकंठाने स्तुती केली, आणि तो कोणा एकाने नव्हे तर अनेकांनी पिढ्यान्‌पिढ्या घडवला असे नमूद केले. मात्र त्या पिढ्यांवर देखरेख ठेवण्यास कोणी व्यवस्थापक नेमला होता काय, याविषयी तो अहवाल मौन बाळगतो. काशीगावच्या उत्तुंग इमारतींतून रोज सकाळी डिझाइनच्या दफ्तरांत रुजू होण्यास निघणाऱ्या आमच्या तरुण टीमप्रमुखांकडे हेच काम सोपवले असते, तर प्रथम तहानेचे संशोधन झाले असते, मग भिंतीवर रंगीत चिटोरे चढले असते, तांब्याचा गळा मसुद्यामागून मसुद्यात आवळला-सैलावला गेला असता, आणि अखेर वरिष्ठांनी ‘जरा उठाव द्या’ असा मोघम शेरा मारून सभा तहकूब केली असती. (उठाव कशाला, हे विचारण्याचा रिवाज नाही.) दरम्यान भाईंदरच्या गाळ्यात स्टीलची भांडी घडवणारा कारागीर, ज्याची सारी पाहणी घरच्या मोरीपाशीच पूर्ण होते, काठ वळवून पुढच्या नगाकडे वळलेला असतो; या अविचारी घाईबद्दल त्याच्याकडून लेखी खुलासा मागवावा की नाही, यावर सोमवारी बैठक ठेवली आहे.