शिधामंत्री

कुठल्याही ट्रेकिंग ग्रुपमध्ये एकाला वाट ठाऊक असते, एकाला इतिहास ठाऊक असतो, एक जण कड्याच्या टोकावर उभं राहून फोटो काढून घेतो आणि एक जण मीठ आणतो. पहिल्या तिघांचं कौतुक होतं. चौथ्याची आठवण मीठ विसरलं तरच निघते. हा चौथा म्हणजे शिधामंत्री. वय पंचेचाळिशीच्या पुढे, नोकरी बहुधा बँकेत नाहीतर अकाउंट्समध्ये, शर्टाच्या खिशात पेन आणि घडी घातलेली यादी.

हरिश्चंद्रगडावर मुक्कामाला जायचं ठरलं की बाकीचे हवामान बघतात, गाडी ठरवतात. मंत्री थेट पोटाला हात घालतात. मंगळवारी रात्रीच ग्रुपवर मेसेज येतो : ‘बारा जण. रात्री खिचडी, सकाळी पोहे. कोण किती खातं ते प्रामाणिकपणे कळवा.’ मग ‘मी फार खात नाही हो’, ‘रात्री मी हलकंच घेते’, ‘मला काहीही चालेल’ अशी संतवचनं येऊ लागतात. मंत्री ती वाचतात आणि माणशी सव्वाशे ग्रॅम धरून दीड किलो तांदूळ लिहून मोकळे होतात. माणूस पायथ्याला काय बोलला आणि माथ्यावर किती जेवला, यांचा परस्परांशी काडीचाही संबंध नसतो, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

डाळ मात्र मुगाचीच. ‘तुरीची का नको?’ असं कुणा नवख्याने विचारावं म्हणून ते टपूनच बसलेले असतात. ‘समुद्रसपाटीला पाणी किती अंशांना उकळतं? 100. गडाची उंची 1424 मीटर. तिथे ते 95 च्या आसपासच उकळायला लागतं. आपल्याकडे कुकर नाही. तूर शिजता शिजत नाही, गॅस संपतो, आणि तू बसतोस कोरडे पोहे चावत!’ एवढ्यावर भागत नाही. पायथ्याच्या पाचनईला गाडीतून उतरल्याबरोबर मूगडाळ धुऊन रुंद तोंडाच्या बाटलीत भिजत पडते आणि ती बाटली कुणाच्या तरी सॅकमध्ये जाते. आपण चढतो, डाळ भिजते. वर पोचेपर्यंत निम्मं काम झालेलं. बाटलीला कागद चिकटवून त्यावर ‘हे पिण्याचं पाणी नाही’ असं ठळक लिहिलेलं असतं. तरीही वाटेत कोणीतरी ती तोंडाला लावतोच.

मसाल्यांसाठी मंत्र्यांकडे कॅमेऱ्याच्या रोलच्या जुन्या डब्या आहेत. काळ्या, घट्ट झाकणाच्या, ओल न शिरणाऱ्या. एकीत हळद, एकीत तिखट, एकीत हिंग, एकीत गोडा मसाला. डिजिटल कॅमेरा आल्यापासून या डब्या मिळेनाशा झाल्या आणि मंत्र्यांचा विज्ञानावरचा विश्वास तेव्हा जो उडाला तो उडालाच. एखादं झाकण हरवलं तर ते दोन दिवस कुणाशी धड बोलत नाहीत.

ओझ्याची वाटणी पायथ्याला होते. वर्तमानपत्र पसरून त्यावर पिशव्या मांडल्या जातात आणि नावं पुकारली जातात. ‘तू कांदे-बटाटे. तू तेल; बाटली उभी ठेव, आडवी केलीस तर तुझे कपडे तळून निघतील.’ सगळ्यांत शेवटी आलेल्याला पातेलं. ते सॅकमध्ये मावत नाही, बाहेरच बांधावं लागतं आणि माथ्यापर्यंत पावलोपावली खणखणत राहतं. पुढच्या वेळी तो माणूस सगळ्यांच्या आधी हजर असतो.

गडावर इतिहासवाला केदारेश्वराच्या गुहेबद्दल सांगत असतो तेव्हा मंत्री टाक्यातलं पाणी वाकून न्याहाळत असतात. त्यांचा इतिहास मुदपाकखान्यातून सुरू होतो. पन्हाळ्यावर आधी अंबरखाना, मग बाकी सगळं. आज्ञापत्रात गड बांधण्याआधी पाण्याची सोय बघायला सांगितली आहे, हे ते प्रत्येक टाक्यापाशी नव्याने सांगतात. ‘1660 मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला. कित्येक महिने! वीरांची नावं सगळ्यांना पाठ. पण कोठीवर कोण होतं, सांगा बरं?’ आपण गप्प. मंत्र्यांच्या मते यालाच अन्याय म्हणतात.

त्यांचा खरा शत्रू म्हणजे ‘अहो, वर पिठलं-भाकरी मिळते की!’ म्हणणारा माणूस. मिळते, हे खरंच आहे. गडावर झापाखाली चूल पेटलेली असते आणि मावशी गरम भाकरी वाढतात. मंत्री क्षणभर थांबतात आणि म्हणतात, ‘आणि नेमक्या त्याच दिवशी मावशी खाली लग्नाला गेल्या असतील तर?’ या न झालेल्या लग्नावर त्यांचं सगळं खातं उभं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र मंत्री त्याच मावशींच्या चुलीपाशी भाकरी-ठेचा खाताना सापडतात. विचारलं तर म्हणतात, ‘पीठ बघत होतो.’

रात्री कोकणकड्याकडून वारा सुटतो. गॅसभोवती सॅकचा आडोसा होतो, झाकण उलटं करून त्यावर कांदा चिरला जातो. ‘बॅटरी माझ्या तोंडावर नको, पातेल्यात धर!’ फोडणी तडतडली की इतका वेळ अदृश्य असलेले सगळे जण ‘काही मदत हवी का?’ म्हणत गोळा होतात. मंत्री डावातली थोडी खिचडी तळहातावर घेतात, चाखतात, डोळे मिटतात, चिमूटभर मीठ टाकतात आणि मान डोलावतात. तेवढ्यात ‘काहीही चालेल’वाला विचारतो, ‘पापड नाहीत का?’ मंत्री न बोलता बिस्किटांच्या डब्यातून भाजलेले पापड काढतात. ‘फार खात नाही’वाला तिसऱ्यांदा ताट पुढे करतो. ‘हलकंच घेते’वाली लोणच्याची चौकशी करते. खिचडीला वाहवा मिळते. तो गोडा मसाला बायकोच्या हातचा आहे, हे मंत्री गडावर सांगत नाहीत आणि गडावर वाहवा झाली, हे घरी सांगत नाहीत.

सगळ्यांचं झालं की मंत्री जेवायला बसतात. वाट्याला तळाची खरवड. ‘मला तीच आवडते,’ असं ते म्हणतात. आजवर त्यांना दुसरं काही उरलेलंच नसल्यामुळे हे खरं की खोटं, ते ठरवता आलेलं नाही. मग विजेरी तोंडात धरून यादीच्या मागे नोंद होते : ‘तिखट कमी पडलं. पापड वाढवणे. मीठ पुरलं.’

तेव्हा मंडळी, ग्रुपमध्ये वाट चुकणारा चालतो, इतिहास चुकवणाराही चालतो. नकाशे आहेत, पुस्तकं आहेत. शिधामंत्र्याला पर्याय नाही. पुढच्या वेळी त्यांनी ‘किती खाणार?’ असं विचारलं तर खरा आकडा कळवा. आणि अगदीच लाज वाटत असेल, तर निदान पातेलं तरी आपणहून उचला.