औंधला परवडलं कसं?

ग्रीनलंड स्वतंत्र झालं तर खर्च कोण भागवणार, ही चिंता साऱ्या जगाला. लोक जेमतेम 57 हजार. सरकारी तिजोरीचा सुमारे निम्मा भार डेन्मार्कच्या अनुदानावर.

औंधकरांनी स्वराज्य घेताना एवढा हिशेब मांडलाच नाही. 72 गावांचं संस्थान, तेही ब्रिटिश मुलखात बेटांसारखं विखुरलेलं: औंध साताऱ्यात, आटपाडी-कुंडल आजच्या सांगलीत. तरी 1939 मध्ये संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी गांधीजींच्या सल्ल्याने राज्यकारभार प्रजेच्या हाती दिला. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांसाठी भिंतींविना तुरुंग निघाला. तेवढाच विटांचा खर्च वाचला!

संरक्षण आणि परराष्ट्र ही खर्चिक खाती अर्थात ब्रिटिश साहेबाकडे. 8 मार्च 1948 ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. संस्थानातल्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्याने मात्र राज्य कुणाचं, हे न विचारता पंप बनवणं चालूच ठेवलं.