हौद्री

कुलवृत्तांत समितीला माझ्या आजोबांची जन्मतारीख हवी होती. घरात त्यांचा अडकित्ता होता, पंचा होता, स्वभाव तर माझ्यातच उतरला होता. तारीख तेवढी नव्हती. म्हणून धारवाडजवळच्या मूळ गावी निघालो.

हुबळीचा प्लॅटफॉर्म 1,507 मीटरचा, जगात सर्वांत लांब. माझा डबा अर्थातच त्याच्या शेपटाला. हुबळी-धारवाड म्हणजे विसेक किलोमीटरवर वेगळं राहणारं जोडपं. 1962 पासून महापालिका एकच; जानेवारी 2025 मध्ये मंत्रिमंडळानं धारवाडच्या वेगळ्या चुलीला मंजुरी दिली.

'चिगरी' बसमध्ये शेजाऱ्यानं एकच कन्नड शब्द शिकवला : हौद्री. म्हणजे 'होय जी'. "एवढ्यावर जिल्हा फिराल!"

ग्रामपंचायतीत पीडीओ, म्हणजे आपले ग्रामसेवक, मीटिंगला गेलेले. शिपायानं माझा इस्त्रीचा शर्ट आणि बगलेतली फाईल पाहून काहीतरी विचारलं.

"हौद्री," मी म्हणालो.

खुर्ची आली. पंखा माझ्याकडे वळला. चहा आला. मग गाव आलं. तालुक्याहून आलेला साहेब तो मीच, हे मला पाचव्या अर्जाला उमगलं. नंतर कळलं, कुणाचं घर 'ई-स्वत्तु'त, म्हणजे ऑनलाइन मालमत्ता-नोंदीत, चढलेलं नाही, म्हणून नमुना 9 नाही, म्हणून बँकेचं कर्ज नाही. कुणाचं जॉबकार्ड हरवलेलं. मी सगळ्यांना हौद्री. तासाभरात अर्धं गाव मंजूर केलं.

एक म्हातारी वीस मिनिटं बोलली. अक्षर कळलं नाही. हुंकार देत राहिलो. शेवटी माझा हात धरून तिनं डोळे पुसले.

"पेन्शन बंद हाय तिची," शिपाई म्हणाला. "इतकं कुणी ऐकलंच न्हाई, म्हणतीया."

"तुम्हाला मराठी येतं?"

"हौद्री. कोल्हापुरात हॉटेलात होतो की."

मग मात्र कबूल केलं : साहेब नाही, कुलकर्णी. गाव खो खो हसलं. शिपायानं कपाटावरून लाल रुमालात बांधलेलं दप्तर काढलं. "तुमच्याच लोकांनी लिवलंय. वाचा."

वाचतो कपाळ! सगळी मोडी. 1956 पर्यंत हा मुलूख मुंबई राज्यात होता, आणि त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या गावाचा हिशेब कुलकर्ण्यांच्या हाती. त्या वळणदार ओळींत आजोबा जन्मले असतील, किंवा कुणाचा सारा थकला असेल. मला दोन्ही सारखेच.

समितीला तारखेऐवजी धारवाडी पेढे पाठवले. म्हातारीचा अर्ज माझ्या फायलीत राहिला होता, तो तालुक्याच्या कचेरीत नेऊन दिला. कारकुनानं मान वर करून काहीतरी विचारलं. बहुधा, 'तुम्ही तिचे कोणी लागता का?'

"हौद्री," मी म्हणालो.