न निखळलेल्या चाकाची गोष्ट

बोटीच्या ट्रेलरच्या बेरिंगला वेळच्या वेळी ग्रीस भरणाऱ्या माणसाला समाजात काडीची किंमत नाही. मिशिगनमध्ये ११ हजारांहून जास्त तळी आहेत. त्यामुळे नोकरी टिकली आणि घराचं कर्ज आवाक्यात आलं, की डेट्रॉईटकडच्या आम्हा मराठी मंडळींतला एखादा जुनी बोट घेतोच. मग उन्हाळ्यात कुणाच्या तरी अंगणात जेवणं होतात आणि बोटवाल्यांचे किस्से रंगतात. आमचे एक मित्र आय-७५ वरून ह्यूटन लेकला निघाले असताना डावीकडून एक सुटं चाक त्यांना ओव्हरटेक करून गेलं. ‘कुणाचं पडलं हो बिचाऱ्याचं!’ असं ते म्हणताहेत तोवर मागे त्यांच्याच ट्रेलरचा आस रस्त्यावर ठिणग्या उडवायला लागला. हा किस्सा ते दर वर्षी सांगतात आणि ऐकणारे दर वर्षी भजी हातात धरून थांबतात. मग कुणीतरी माझ्याकडे वळतं, “तुमचं काय?” मी म्हणतो, “आम्हीही ह्यूटन लेकला गेलो. परत आलो.” लोक पुन्हा भजी खायला लागतात.

खरं तर बोटीला घोर पाण्यातल्या प्रवासाचा नसतो, हायवेवरच्या प्रवासाचा असतो. ताशी १०० किलोमीटरला ट्रेलरचं १२ इंची चाक मिनिटाला हजारेक फेरे घेतं. तळ्यावर पोचेपर्यंत बेरिंग ज्यात बसतं तो हब चांगला तापतो. पोरांना धीर नसतो, म्हणून ट्रेलर तसाच मागे मागे नेऊन गार पाण्यात बुडवला जातो. हबमधली गरम हवा झटकन आकसते आणि सील जरा झिजलेलं असलं, तर पाणी आत ओढून घेते. ग्रीस दुधाळ होतं. पुढे हिवाळाभर ट्रेलर बर्फाखाली उभा असतो आणि आत गंज निवांत आपलं काम उरकतो. म्हणून पोचल्यावर चाकं निवेपर्यंत थांबावं. आम्ही तेवढ्यात डबे उघडतो. तिथल्या लोकांची समजूत अशी, की ही माणसं एवढी बोट ओढत आणतात ती थालीपीठ खायला.

आमच्या घरी हे खातं सासऱ्यांकडे आहे. अण्णा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले. उन्हाळ्यात ते इथे आले, की आधी नातवंडांची चौकशी होते, मग चहा होतो आणि कप खाली ठेवता ठेवता प्रश्न येतो, “जावईबापू, हब कधी खोलायचा?” बेरिंग धुवायला त्यांना रॉकेलच लागतं. रेशनकार्ड न दाखवता ते मिळतं, याचं त्यांना अमेरिकेतल्या दुसऱ्या कुठल्याही गोष्टीपेक्षा जास्त अप्रूप आहे. धुतलेलं बेरिंग ते चष्मा कपाळावर चढवून उन्हात धरतात आणि एकेक रोलर नखाने फिरवून बघतात. कुठे बारीक खड्डा किंवा तापल्याची निळसर झाक दिसली, की ते बाद. कॉम्प्रेसरच्या हवेने ते गरगर फिरवलेलं त्यांना खपत नाही. कोरडं बेरिंग त्या वेगात फुटलं, तर डोळा जायचा.

मग डाव्या तळहातावर ग्रीसचा गोळा घ्यायचा आणि बेरिंगची रुंद कड त्यावर दाबत राहायचं. रोलरांच्या फटींतून वरच्या बाजूला ग्रीसच्या बारीक वळ्या निघाल्या, की थोडं फिरवून पुढचा भाग. “वरनं फासलं म्हणजे भरलं नव्हे,” अण्णा बजावतात. एरवी फुटकी बादलीही टाकू न देणारा हा माणूस सील मात्र दर वेळी नवं घालतो. नट चाक फिरवत आवळायचा, मग सैल सोडायचा आणि नुसत्या बोटांनी टेकवून स्प्लिट पिन मारायची. जोर लावून आवळलेलं बेरिंग तापून मरतं.

निमुळत्या रोलरच्या या बेरिंगचं पेटंट १८९८ मध्ये सेंट लुईसच्या हेन्री टिमकेन यांनी घेतलं. त्यांचा धंदा बग्ग्या बनवण्याचा. वळणावर चाकाला वरच्या वजनाबरोबर बाजूचाही रेटा सोसावा लागतो, म्हणून रोलर निमुळते. हे मी वाचून दाखवलं तेव्हा अण्णा म्हणाले, “म्हणजे मूळ घोडागाडीचंच ना?” आणि अमेरिकेच्या समस्त वाहन उद्योगाचं श्रेय कऱ्हाडच्या टांगेवाल्यांना देऊन ते हात धुवायला गेले.

प्रवासात पहिल्या गॅस स्टेशनवर ते उतरतात आणि पोराचा ताप बघावा तसा प्रत्येक हबला हात लावून येतात. कोमट असेल तर निघायचं.

गेल्या मोसमात परतताना कडेला एक ट्रेलर कलंडलेला दिसला. शेजारी मालक कमरेवर हात ठेवून उभा. अण्णा म्हणाले, “थांबवा.” बेरिंगचा चुरा झाला होता, पण आस शाबूत होता. आमच्याकडे ग्रीस भरून ठेवलेला जास्तीचा हब असतो. नशिबाने माप जुळलं आणि चाक चढलं. मालकाने पैसे पुढे केले. अण्णांनी ते परत करून आपल्या इंग्रजीत बजावलं, “एव्हरी इयर ओपन.” त्याने गंभीरपणे मान डोलावली आणि बेरिंगच्या चुऱ्याचे भरपूर फोटो काढले, एक अण्णांबरोबरही.

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, “अण्णा, हा आता जन्मभर किस्सा सांगत सुटणार.”

“सांगू दे की. आपला जास्तीचा हब गेला, तो आधी आणा.”